कारण: लाल गिटार

2024 च्या जानेवारीत लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात मार्क नॉफ्लर या गिटारवादकाच्या 120 हून अधिक गिटारी विकल्या गेल्या. एकूण रक्कम 80 लाख पौंडांच्या वर गेली आणि तिचा चौथा हिस्सा धर्मादाय संस्थांना दिला गेला. ज्या गिटारीवर 'ब्रदर्स इन आर्म्स' हे गाणं वाजलं, तिला एकटीलाच सुमारे 5 लाख 90 हजार पौंड मिळाले. फॉकलंडच्या लढाईच्या दिवसांत, 1982 साली लिहिलेलं हे गाणं. आपल्याकडच्या फौजी मेसमध्येही ते कुणी ना कुणी कधी तरी लावलेलं असतं.

बातमी वाचली आणि मला शिलाँगच्या छावणीतला एक अर्ज आठवला. त्या अर्जावर माझी सही आहे, आणि सहीच्या वर दोन शब्द आहेत: शिफारस नाही.

साल 1996. मी सिग्नलमध्ये नायब सुभेदार होतो. शिलाँगला बदली झाली तेव्हा वाटलं होतं, पाऊस आणि देवदार, बाकी काय असणार. पण तिथे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की आपल्याकडे जसं घरोघरी टाळ-मृदंग नाही तर निदान हार्मोनियम असते, तशी तिथे गिटार असते. लायटुमख्राच्या चढावर संध्याकाळी चालत गेलं की तीन-चार घरांतून तरी तारा ऐकू यायच्या. लू माजॉ नावाचा खासी गायक 1972 पासून दर वर्षी 24 मेला बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करतो. अर्ध्या चड्डीतला, लांब केसांचा तो माणूस मी एकदा समोर बसून ऐकला. शब्द फारसे कळले नाहीत, पण आषाढी वारीत अनोळखी दिंडीबरोबर चालताना होतं तसं काहीसं झालं.

माझ्या सेक्शनमध्ये ऐजॉलकडचा एक मिझो मुलगा होता. लाइनमन. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. कामाला चोख, बोलायला कमी. त्याच्या काळ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून दोन चित्रं चिकटवलेली होती. एक येशूचं. दुसरं कपाळाला पट्टी बांधलेल्या एका गोऱ्याचं, हातात लाल गिटार. तोच हा मार्क नॉफ्लर. 'सुलतान्स ऑफ स्विंग' या 1978 सालच्या गाण्याची कॅसेट पोराने इतकी घासली होती की फीत मधूनमधून रडायची.

एक दिवस रोल कॉलनंतर तो माझ्यासमोर अर्ज घेऊन उभा राहिला. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढायचे होते. अशा अर्जात कारणाचा एक रकाना असतो. आमची पोरं त्यात घरदुरुस्ती, आईचं आजारपण, बहिणीचं लग्न असं लिहितात. काहींच्या बहिणींची तीन-तीन लग्नं मी मंजूर केलेली आहेत. या पोराने लिहिलं होतं: गिटार खरेदी. लाल.

मी हसलो. मग विचारलं, "कितने की?"

त्याने आकडा सांगितला. त्याच्या सात-आठ महिन्यांच्या पगाराएवढा. कुणी नातेवाईक बाहेरदेशातून येताना आणणार होता. अमेरिकेची फेंडर कंपनी, स्ट्रॅटोकास्टर हे मॉडेल, आणि रंग लालच.

मी त्याला ऐकवलं. बापाचं घर पत्र्याचं आहे, त्याचं बघ. गिटार पाहिजे तर कलकत्त्याची घे, दहाव्या हिश्शात येईल. "लकडी वही, तार वही. छह तार इसमें भी, छह तार उसमें भी."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "साब, मेरी रायफल का बट नंबर 31 है. फायरिंग में कोई 32 नंबर उठा ले, तो सबसे पहले आप ही चिल्लाते हो."

ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. कारखान्यातून निघालेल्या दोन रायफली दिसायला सारख्याच असतात, पण प्रत्येक जवान आपली रायफल आपल्या डोळ्याला झीरो करतो. दुसऱ्याच्या हातात ती थोडी बाजूला मारते. म्हणून रायफल नंबराने ओळखायची, घासायची, आणि रात्री उशाशी ठेवायची. हे मीच त्या पोरांना शिकवलेलं होतं.

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला राग आला. 'शिफारस नाही' असा शेरा मारला आणि सही केली. त्याने कारण खोटं लिहिलं असतं, तर त्याच सहीने पैसे मिळाले असते. हे तेव्हाही मला कळत होतं.

राग उतरल्यावर मी त्याला माझ्या परीने समजवायला गेलो. मनोरंजन खोलीत कुणीतरी मागे ठेवून गेलेली एक मुकी इलेक्ट्रिक गिटार होती. एका रविवारी ती खोलली. तारांखाली पिकअप असतो. सहा तारांखाली सहा चुंबकं, आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज तयार होते, आणि ती वायरने अॅम्प्लिफायरकडे जाते. आमच्या हेडफोनचंच काम, फक्त उलट्या बाजूने. त्या गिटारीतली एक वायर निखळली होती. सोल्डरिंग आयर्न तापवून डाग दिला आणि ती बोलायला लागली.

"देखा? कॉइल और मॅग्नेट. कोई जादू नहीं."

तो उलट मलाच शिकवायला लागला. नॉफ्लर नखी वापरत नाही, उघड्या बोटांनी वाजवतो. स्ट्रॅटोकास्टरला तीन पिकअप असतात. जुन्या गिटारींत त्यातला एक निवडायला तीन जागांचा स्विच असे. वादक तो स्विच मुद्दाम दोन जागांच्या मधोमध अडकवायचे, म्हणजे दोन पिकअप एकदम लागून एक वेगळाच पातळ, बोलका आवाज निघतो. पुढे कंपनीनेच 1977 साली पाच जागांचा स्विच दिला. आमच्या खात्यात दोन संपर्क एकदम लागले तर आम्ही त्याला बिघाड म्हणतो. इथे त्या बिघाडासाठी जग पैसे मोजत होतं. मी त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि माझा शेरा मात्र तसाच ठेवला.

पुढे आमची तुकडी उत्तर सिक्कीमला गेली. तिथली हिवाळ्यातली हवा मी वेगळ्या लेखात लिहिली आहे, पुन्हा लिहीत नाही. 1998 च्या डिसेंबरात एका रात्री वादळाने दोन चौक्यांमधली टेलिफोन लाइन तुटली. मी खाली एक्सचेंजवर होतो. वरच्या चौकीत तो होता. मी सांगितलं, अंधार पडायच्या आत लाइन चालू पाहिजे. तो एका जोडीदाराला घेऊन निघाला. तुटलेली जागा सापडली. केबलची जोडणी जाड हातमोज्यांत होत नाही. हेही त्याला शिलाँगच्या मैदानावर मीच शिकवलं होतं. त्याने हातमोजे काढले.

संध्याकाळी एक्सचेंजवर त्याचा आवाज आला, "लाइन ओके, साब." लाइन खरंच स्वच्छ होती.

डाव्या हाताच्या करंगळीची आणि तिच्या शेजारच्या बोटाची टोकं गेली. हिमदंश. गिटारवाल्याचा डावा हात म्हणजे तारा दाबायचा हात.

फेब्रुवारीत मी सुट्टीवर निघालो होतो. कलकत्त्याला गाडी बदलायची होती, तेव्हा लष्करी रुग्णालयात त्याला भेटायला गेलो. जाण्याआधी लेनिन सरणीवर उतरलो. तिथे वाद्यांची दुकानं ओळीने आहेत. प्रत्येक दुकानात एकच विचारलं, लाल स्ट्रॅटोकास्टर आहे का? खरी कुठेच नव्हती. शेवटी इथेच बनवलेली, तसल्याच आकाराची एक घेतली. रंग मात्र लाल. ती पाठीला लावून, वर्दीत, मी वॉर्डात शिरलो. आयुष्यात इतकं अवघडल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

त्याने पेटी उघडली. उजव्या हाताने तिच्यावरून बोट फिरवलं. दांड्याच्या टोकावर नाव वाचलं.

"साब, ये वो नहीं है."

मी काही बोललो नाही.

"लेकिन लाल है," तो म्हणाला, आणि हसला. दोन महिन्यांत तो पहिल्यांदा हसला असं शेजारच्या खाटेवरचा गढवाली हवालदार मला नंतर म्हणाला.

आता मी पेन्शनवर आहे आणि वाचायला वेळ आहे. त्या पोरामुळे गिटारवाल्यांबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि एक गोष्ट सापडली. ती मला 1996 साली माहीत असती, तर मी निदान हसलो तरी नसतो.

नॉफ्लरला लाल गिटार का पाहिजे होती? कारण तो न्यूकॅसलकडे वाढत असताना हँक मार्व्हिन नावाचा चष्मेवाला लाल स्ट्रॅटोकास्टर वाजवायचा. 1960 साली त्याच्या शॅडोज या चमूची 'अपाची' ही धून ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि तिथल्या पोरांनी ती लाल गिटार मनात धरली. नॉफ्लरच्या वडिलांना खरी परवडणारी नव्हती. त्यांनी 50 पौंडांची जर्मन हॉफ्नर आणून दिली. तीही लालच. अॅम्प्लिफायर मागायची हिंमत झाली नाही, म्हणून पोराने ती घरच्या रेडिओला जोडली आणि रेडिओ जाळला. हे वाचून मी मोठ्याने हसलो. माझा मिझो पोरगा सेक्शनमधला रेडिओ सेट जाळायला फार लांब नव्हता.

मार्व्हिनकडे ती गिटार आली कशी? क्लिफ रिचर्ड या गायकाने 1959 साली त्याच्यासाठी थेट अमेरिकेहून मागवली. त्या आधीची काही वर्षं ब्रिटनमध्ये अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते, त्यामुळे अशी गिटार तिथे कुणी धड पाहिलेलीही नव्हती. हा क्लिफ रिचर्ड 1940 साली आपल्या लखनौमध्ये जन्मला, आणि 1948 साली आईवडिलांबरोबर विलायतेला गेला. लखनौ छावणीत मी दोन वर्षं काढली, पण हे मला तिथे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मार्व्हिनने नेमकं तेच मॉडेल का निवडलं? इथे खरी गंमत आहे. त्याला अमेरिकेतल्या जेम्स बर्टन या वादकासारखी गिटार पाहिजे होती. बर्टन फेंडर वाजवतो एवढंच ठाऊक होतं. कंपनीचं माहितीपत्रक मागवलं, आणि इतका मोठा वादक म्हणजे सगळ्यांत महागडंच मॉडेल वाजवत असणार, असं धरून स्ट्रॅटोकास्टरवर बोट ठेवलं. बर्टन वाजवत होता टेलिकास्टर, त्याच कंपनीचं त्याहून साधं मॉडेल.

म्हणजे एका माणसाचा अंदाज चुकला, त्या चुकीचा रंग लाल होता, ती पाहून न्यूकॅसलच्या पोराने बापाकडे हट्ट धरला, आणि त्या पोराचं चित्र ऐजॉलच्या पोराने ट्रंकेत चिकटवलं. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचंही तसंच. त्याचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर बास पुढे किती जणांनी त्याच्याकडे पाहून घेतला. त्याने स्वतः तो 1961 साली हँबुर्गमध्ये सुमारे 30 पौंडांना घेतला, कारण फेंडर परवडत नव्हता, आणि तो डावखुरा असल्याने दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं वाद्य उलटं धरलं तरी वाईट दिसलं नसतं.

ज्यांच्या हातातलं वाद्य पाहून आपण वेडे होतो, त्यांच्या हातात ते असं चुकून, किंवा पैसे कमी पडले म्हणून आलेलं असतं. तरीही त्या वेडातून पोरं वाजवायला लागतात. सेक्शनमध्ये एखाद्या उस्तादासारखी टोपी तिरकी घालणारा रंगरूट आपण पाहिलेला असतो. टोपीने काही होत नाही, हे खरं. पण उद्या तोच पोरगा त्या उस्तादासारखं काम करायला लागतो, हेही मी पाहिलं आहे.

आणखी एक वाचलेलं सांगतो. हे मला जास्त लागलं. बर्मिंगहॅमला टोनी आयोमी नावाचा 17 वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. गिटार संपली असं त्याने धरलं. तेव्हा कारखान्यातला त्याचा फोरमन एक तबकडी घेऊन त्याला भेटायला आला. म्हणाला, हे ऐक. मग सांगितलं की हा वाजवणारा फक्त दोन बोटांनी वाजवतोय. तो होता जँगो राइनहार्ट. 1928 साली पॅरिसजवळ त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, आणि डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट निकामी झालं. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं लावलं, हलक्या तारा चढवल्या, आणि पुढे ब्लॅक सॅबाथ उभं केलं. त्याच्यामुळे हजारो पोरांनी गिब्सन एसजी हे मॉडेल घेतलं. ते त्याच्या हाती का आलं? 1970 साली आलेल्या पहिल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणात त्याच्या स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप बंद पडला, आणि जादा म्हणून ठेवलेली एसजी त्याने उचलली.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. डावा हात. मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ अंगणात बसलो.

तो फोरमन जवानांवर देखरेख करणाऱ्या माझ्यासारखाच कुणी असणार. हजेरी घेणारा, कामाची घाई करणारा. त्याला ठाऊक होतं की या पोराला काय ऐकवायचं. मला माझ्या पोराबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, ती त्याने स्वतः लिहून माझ्या हातात दिली होती, आणि ती मी नामंजूर केली होती. तीन वर्षं त्याची दहाही बोटं शाबूत होती. ती तीन वर्षं त्या गिटारीवर गेली असती. घर पत्र्याचं राहिलं असतं. कदाचित त्याने नंतर पस्तावून ती विकलीही असती. पण ते त्याचं त्याने ठरवायचं होतं. पैसे त्याचेच होते.

तो पुढे खालच्या मेडिकल कॅटेगरीत स्टोअरमध्ये राहिला आणि 2010 साली पेन्शनवर गेला. ऐजॉलला असतो. बापाचं घर आधी पक्कं बांधलं, हे मुद्दाम सांगतो. मग दोन वर्षांनी त्याचा फोन आला. लाल स्ट्रॅटोकास्टर घेतली होती. खरी. चर्चमध्ये वाजवतो, दोन बोटं आणि अंगठा वापरून. तारा हलक्या लावतो. कलकत्त्याहून आणलेली गिटार मुलीला दिली आहे.

मी विचारलं, "तो फिर? फर्क है?"

फोनवर तो थोडा वेळ गप्प होता.

"नहीं साब, इतना फर्क नहीं है. आप ठीक बोले थे." मग म्हणाला, "लेकिन अब ये मुझे मालूम है. तब सिर्फ आपको मालूम था."

माझ्या वाचकांत सेवेत असलेले काही जेसीओ आणि हवालदार आहेत. कधी एखादा पोरगा अर्जात विचित्र, पण खरं कारण लिहून आणेल. सही करा किंवा करू नका, नियम तुम्हाला माहीत आहेत. पण त्याला खुर्ची द्या आणि अर्धा तास विचारा, हीच का पाहिजे. मी ते पैसे नाकारल्यावर विचारलं होतं. आधी विचारायला हवं होतं.